घर, गल्ली आणि गुन्हा

गुन्ह्याचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित माणसाच्या मनांत प्रथम पोलिस येतो, मग न्यायालय येतें आणि शेवटीं तुरुंग येतो. घरापुरता विचार केला तर कडी, कुलूप, खिडकीचे गज आणि अलीकडे दाराशीं बसविलेला कॅमेरा. परंतु ज्या जागीं गुन्हा घडतो त्या जागेचाहि त्यांत कांहीं वांटा असतो काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. एकाच शहरांतील, सारख्याच उत्पन्नाचे लोक राहत असलेल्या दोन वस्त्या घ्याव्या. एकींत रात्रीं दहा वाजतां मुलगी शिकवणीहून एकटी परत येते आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. दुसरींत दिवसाढवळ्या जिना चढतांनाहि माणूस दोनदां मागें वळून पाहतो. कायदा तोच, पोलिस-ठाणें तेंच. मग हा फरक कोठून येतो?

चोरीस निघालेला माणूस कितीहि धीट असला तरी तीन गोष्टींचा अंदाज घेतल्यावांचून सहसा पाऊल टाकीत नाहीं. कोणी पाहील काय? पाहिलें तर 'कोण पाहिजे?' म्हणून हटकील काय? आणि हटकलें तर निसटण्यास वाट आहे काय? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पोलिसांच्या संख्येवर अवलंबून असतात, हें खरें. परंतु जिना कोठें आहे, खिडकी कोणीकडे उघडते, एका दारानें किती बिर्‍हाडें ये-जा करितात, रस्त्याला दुकानें लागून आहेत कीं नुसती भिंत आहे, ह्यांवरहि तीं तितकींच अवलंबून असतात. म्हणजे वस्तीचा आराखडा काढणारा वास्तुशिल्पज्ञ हीं उत्तरें कित्येक वर्षें आधींच, आणि बहुधा नकळत, लिहून ठेवीत असतो.

हें ज्ञान नवें नाहीं. पुण्याच्या जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढें आणावी. रस्त्यावर मोठा दरवाजा, त्यांत दिंडी, दिंडीच्या आंत देवडी, देवडीपलीकडे चौक, चौकाभोंवतीं पडवी व सोपा, आणि त्याच्याहि आंत माजघर व स्वयंपाकघर. ओळख जितकी कमी तितका माणूस बाहेर थांबावयाचा. निरोप्याला देवडी, भाजीवालीला चौक, परिचिताला सोपा आणि आप्तेष्टाला माजघर, अशी ही पायरी-पायरीची वाट होती. कोठेंहि पाटी लावलेली नसतां प्रत्येकाला आपली मर्यादा कळत असे, आणि ती ओलांडणारा तत्काळ डोळ्यांत भरे. अहमदाबादच्या पोळींत हीच योजना सबंध गल्लीस लाविलेली दिसते. अनेक घरांची मिळून एक गल्ली, तिच्या तोंडाशीं दरवाजा आणि त्या दरवाज्यावर पहारेकर्‍याची खोली. मुंबईच्या गॅलरीच्या चाळींत दिंडी आणि देवडी राहिली नाहीं. परंतु प्रत्येक मजल्याच्या पुढून जाणारी लांब गॅलरी राहिली. जिना चढून आलेला पाहुणा असो वा परका असो, पांचपंचवीस उघड्या दारांपुढून गेल्यावांचून त्याला इच्छित खोलीपर्यंत जातां येत नसे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्य नगररचनेंत एक निराळाच विचार प्रबळ झाला. ल कॉर्बुझिये हा प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ व त्याच्या मताचे इतर लोक असें प्रतिपादूं लागले कीं, दुतर्फा घरांचा जुना रस्ता हाच गर्दी, धूळ व रोगराई यांचें मूळ आहे. तो मोडून मोकळ्या हिरवळीवर उंच व सुट्या इमारती उभाराव्या, म्हणजे प्रत्येक कुटुंबास उजेड, वारा व शांतता लाभेल. हेतु चांगला होता. कोंदट खोल्यांत खंगणार्‍या माणसांविषयींची कळकळ त्यामागें होती. परंतु घर आणि रस्ता ह्यांच्या मधली जी जागा, म्हणजे ओटा, पायरी, फाटक, नाक्यावरचें दुकान, तिचा हिशोब ह्या आराखड्यांत फारसा कोणी धरला नाहीं. कागदावर ती हिरव्या रंगानें रंगविली गेली आणि सर्वांची म्हणून सोडून देण्यांत आली.

सर्वांची जागा कोणाचीच कशी होत नाहीं, ह्याचें जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं घडलें. तेथें जुनी गलिच्छ वस्ती पाडून तिच्या जागीं 'प्रुइट-आयगो' नांवाची सरकारी वसाहत १९५० नंतरच्या पांचसहा वर्षांत उभी राहिली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती आणि त्यांत २,८७० घरें. तिचा वास्तुशिल्पज्ञ मिनोरु यामासाकी हा कांहीं सामान्य माणूस नव्हे. न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे पुढें त्यानेंच रचले. खर्च वांचावा म्हणून ह्या इमारतींतील लिफ्ट दर तीन मजल्यांमागें एकाच मजल्यावर थांबे. बाकीच्यांनीं जिन्यानें एक मजला चढावा किंवा उतरावा. लिफ्ट थांबे त्या मजल्यांवर लांब सज्जे ठेविले होते. तेथें मुलें खेळतील, कपडे धुतां धुतां बायका बोलत बसतील, असा संकल्प होता. घडलें तें उलटें. सज्जे ओस पडले, दिवे फुटले, जिन्यांत व लिफ्टमध्यें लूटमार होऊं लागली. मुलांना शाळेंत पोंचविण्यास किंवा बाजारहाटास जातांना बायका घोळका करून जाऊं लागल्या. वीस वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तोंच, १९७२ सालीं, सरकारनें सुरुंग लावून पहिल्या इमारती पाडल्या. १९७६ पर्यंत सारी वसाहत जमीनदोस्त झाली.

ह्या इमारती उभ्या असतांनाच न्यूयॉर्कमधील एका बाईनें नव्या नगररचनेविरुद्ध लेखणी उचलली होती. जेन जेकब्स हें तिचें नांव. ती वास्तुशिल्पज्ञ नव्हती. पत्रकार होती आणि ग्रेनिच व्हिलेज ह्या जुन्या मोहल्ल्यांत हडसन रस्त्यावर राहत होती. अमेरिकेंतील मोठ्या शहरांच्या मरणाविषयीं व जीवनाविषयीं तिनें लिहिलेला ग्रंथ १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शहरांतील शांतता मुख्यतः पोलिस राखीत नाहींत; ती रस्त्यावर वावरणारे व रस्त्याकडे पाहणारे सामान्य लोक न ठरवितां राखीत असतात. त्यासाठीं तीन गोष्टी हव्या. सार्वजनिक जागा कोठें संपते व खाजगी कोठें सुरू होते, हें स्पष्ट असावें. घरांचीं तोंडें रस्त्याकडे असावीं, म्हणजे त्यावर डोळे राहतात. आणि रस्त्यावर दिवसभर व रात्रीं उशीरापर्यंत कांहींना कांहीं वर्दळ असावी, कारण ओस रस्त्याकडे खिडकींत बसून पाहण्याची हौस कोणालाहि नसते.

तिनें आपल्याच रस्त्यावरची एक हकीकत सांगितली आहे. एक पुरुष आठनऊ वर्षांच्या मुलीला आपल्याबरोबर चलण्यासाठीं कधीं चुचकारीत होता, कधीं दरडावीत होता, आणि मुलगी भिंतीला पाठ लावून हटून उभी होती. जेकब्स खिडकींतून पाहत होती. खालीं उतरावें काय, असा विचार ती करते तोंच खाटीकखान्याची मालकीण बाहेर येऊन हात बांधून उभी राहिली. पलीकडच्या दुकानाचा मालक दारांत आला; किल्ल्या बनविणारा, फळवाला, धोबीखान्याचा चालक, सारे हळूहळू बाहेर आले. त्या माणसाच्या लक्षांतहि आलें नव्हतें, पण तो चहूंकडून वेढला गेला होता. पुढें कळलें कीं, तो मुलीचा बापच होता. गंमत म्हणून ही गोष्ट सोडून देतां येईल. परंतु तो बाप नसता तर काय झालें असतें, हें तिच्यावरून कळतें. कोणी शिट्टी वाजविली नाहीं, कोणी सभा भरविली नाहीं. दुकानें रस्त्याला लागून होतीं, दारें उघडीं होतीं, आणि हा रस्ता आपला आहे असें त्या लोकांना वाटत होतें. एवढें पुरेसें झालें.

जेकब्सनें जें डोळ्यांनीं पाहिलें तें आंकड्यांनीं तपासण्याचें काम ऑस्कर न्यूमन ह्या वास्तुशिल्पज्ञानें केलें. प्रुइट-आयगोची दुर्दशा होत होती त्या काळांत तो सेंट लुई येथील विद्यापीठांतच अध्यापक होता. त्याच्या लक्षांत एक साधी गोष्ट आली. ज्या ठिकाणीं दोनच कुटुंबांचीं दारें एका लहानशा जागेवर उघडत, ती जागा झाडून-पुसून स्वच्छ ठेविलेली असे. वीस कुटुंबांची सामाईक मार्गिका घाणेरडी असे. आणि शेंदीडशें कुटुंबांचा सामाईक जिना व लिफ्ट ह्यांची दशा पाहवत नसे. माणसें तींच होतीं. दाराच्या आंत त्यांचीं घरें नीटनेटकीं होतीं. शिवाय रस्त्यापलीकडेच 'कार स्क्वेअर' नांवाची बैठ्या घरांची जुनी वसाहत होती. तेथें तशाच परिस्थितीचे लोक राहत आणि तेथें फारसा उपद्रव नव्हता.

पुढें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील दोन सरकारी वसाहतींची न्यूमननें तुलना केली. ब्राउन्सव्हिल आणि व्हॅन डाइक ह्या दोन वसाहतींच्या मध्यें एक रस्ता तेवढा. एकरीं लोकवस्ती जवळजवळ सारखी, रहिवाशांची परिस्थिति सारखी. फरक बांधणींत होता. ब्राउन्सव्हिलच्या इमारती तीन ते सहा मजल्यांच्या, आणि एका प्रवेशद्वारानें दहाबारा कुटुंबांची ये-जा. व्हॅन डाइकच्या बहुतेक इमारती चौदा मजल्यांच्या, आणि एका प्रवेशद्वारानें शंभराहून अधिक कुटुंबांची ये-जा. १९६९ सालीं ब्राउन्सव्हिलमध्यें लुटीचे २४ गुन्हे नोंदले गेले. व्हॅन डाइकमध्यें ९२. जेथें दहाबारा कुटुंबें एक दार वापरतात तेथें अनोळखी चेहरा ओळखूं येतो. जेथें शंभर कुटुंबें वापरतात तेथें सारेच अनोळखी, आणि म्हणून चोरहि बिनधास्त. न्यूमनचें पुस्तक १९७२ सालीं निघालें. रहिवाशांना स्वतः राखतां येईल अशी जागा त्यांच्या स्वाधीन करावी, हें त्याचें सूत्र.

हें सूत्र त्यानें ब्राँक्समधील 'क्लेसन पॉइंट' ह्या बैठ्या घरांच्या वसाहतींत प्रत्यक्ष लावून पाहिलें. तेथें सुमारें चारशें कुटुंबें होतीं, घरांभोंवतालची जमीन सरकारी व बेवारशी होती, आणि लोक संध्याकाळनंतर बाहेर पडावयास भीत. न्यूमननें नवें बांधकाम जवळजवळ केलेंच नाहीं. त्यानें बहुतेक मोकळी जमीन कुंपणें घालून घरागणिक वांटून दिली, भिंतींना निरनिराळे रंग दिले, वाटेवर दिवे लाविले आणि मधल्या पडीक जागेंत मुलांसाठीं व म्हातार्‍यांसाठीं बाग केली. थोड्याच दिवसांत लोक कुंपणाच्या आंत फुलझाडें लावूं लागले आणि झाडलेल्या अंगणाबरोबर पुढची वाटहि झाडूं लागले. पहिल्याच वर्षीं तेथील गुन्हे निम्म्याहून अधिक कमी झाले, असें न्यूमननें नमूद केलें आहे.

इतकें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग काय, उंच इमारती बांधूं नयेत म्हणजे झालें. परंतु ही घाई होईल. प्रुइट-आयगोच्या पतनाचा सारा दोष वास्तुशिल्पज्ञाच्या माथीं मारणें कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न कॅथरिन ब्रिस्टल ह्या विदुषीनें १९९१ सालीं उपस्थित केला. तिनें दाखवून दिलें कीं, वसाहत बांधण्यास सरकारनें पैसा दिला, पण ती राखण्याचा खर्च भाडेकर्‍यांच्या भाड्यांतूनच भागवावा असा नियम होता. भाडेकरी अत्यंत गरीब. त्यांतच शहराला उतरती कळा लागली. १९५० सालीं साडेआठ लाखांवर असलेली सेंट लुईची वस्ती १९७० पर्यंत सव्वासहा लाखांच्या आंत आली. घरें रिकामीं पडूं लागलीं, भाड्याचें उत्पन्न आटलें, फुटलेली कांच तशीच राहूं लागली. १९६९ सालीं भाडेकर्‍यांनीं भाडेबंदीचा लढा पुकारला. अशा स्थितींत बैठीं घरें असतीं तरी तीं किती टिकलीं असतीं, सांगवत नाहीं. श्रीमंतांचे चाळीस मजल्यांचे वाडे त्याच देशांत सुरक्षित होते, कारण दारांत द्वारपाल होता आणि दिवा गेला तर तासाभरांत नवा येत होता. न्यूमननेंहि हें मान्य केलें होतें. उंच इमारत हा स्वतः गुन्हा नव्हे. राखण करण्यास माणूस आणि पैसा नसतांना गरीब लेंकुरवाळ्या कुटुंबांना तींत कोंबणें, हा खरा अपराध.

दुसरी शंका 'डोळ्यां'विषयीं आहे. १९६४ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत पहाटे तीनच्या सुमारास घरीं परतणार्‍या एका तरुणीचा खून झाला. अडतीस शेजार्‍यांनीं तो पाहिला आणि एकहि हालला नाहीं, अशी बातमी वर्तमानपत्रांतून जगभर पसरली. शहरी माणसाच्या निष्ठुरतेचा दाखला म्हणून ती कित्येक वर्षें पाठ्यपुस्तकांत होती. पुढील संशोधनांत ती अतिशयोक्त ठरली. प्रत्यक्ष हल्ला पाहणारे थोडेच होते. एकानें खिडकींतून ओरडून हल्लेखोराला काहीं वेळ पळवून लाविलें होतें, आणि एका शेजारणीनें खालीं धांवत जाऊन त्या मुलीला मरतेवेळीं मांडीवर घेतलें होतें. तथापि एक गोष्ट उरतेच: खिडकी असणें निराळें आणि खिडकींतल्या माणसानें काय करावें हें त्याला ठाऊक असणें निराळें. त्या वेळीं तेथें पोलिसांना बोलावण्यासाठीं एकच तातडीचा क्रमांकहि नव्हता. डोळ्यांना ओळखीची आणि मदतीच्या सोयीची जोड नसेल तर ते नुसते साक्षीदार राहतात.

तिसरी शंका व्यवहारी माणसाची. एका गल्लींतून हुसकलेला चोर शेजारच्या गल्लींत जाणारच. मग मिळविलें काय? ह्याचाहि तपास झाला आहे. अशा उपायांच्या १०२ परीक्षणांचा एकत्र अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. गुन्हा जवळपास सरकल्याचें सुमारें चौथा हिस्सा प्रसंगांतच आढळलें. आणि जवळजवळ तितक्याच प्रसंगांत उलट शेजारच्या भागालाहि फायदा झाल्याचें दिसून आलें. बहुतेक चोर्‍या संधि पाहून होतात. संधि गेली म्हणजे चोर प्रत्येक वेळीं दुसरी शोधीत फिरतोच असें नाहीं.

अलीकडचीं प्रमाणें अधिक काटेकोर आहेत, कारण तीं चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांचीं आहेत. कोणत्या वस्तींत सुधारणा करावयाची व कोणती तशीच ठेवावयाची हें दैवावर सोडून मग दोहोंची तुलना केली म्हणजे इतर कारणांचा घोटाळा राहत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें २०१६ सालीं कांहीं सरकारी वसाहतींत असे प्रखर दिवे लाविले, तेव्हां रात्रीं उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारें ३६ टक्क्यांनीं कमी झाले. फिलाडेल्फियामध्यें ५४१ पडीक भूखंड निवडून त्यांतील कांहींवरचा कचरा काढला, हिरवळ व थोडीं झाडें लाविलीं आणि भोंवतीं बुटकें लांकडी कुंपण घातलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें अतिदरिद्री मोहल्ल्यांत अशा भूखंडांभोंवतीं बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनीं घटले. कुंपण सहज ओलांडतां येईल इतकें ठेंगणें होतें. त्यानें कोणाला अडविलें नाहीं. ह्या जागेची कोणीतरी काळजी घेतें, एवढेंच त्यानें सांगितलें.

येथें उंच भिंतीचा मोह आवरला पाहिजे. भीति वाटूं लागली म्हणजे सधन कुटुंबांस प्रथम सुचतें तें हें कीं, भोंवतीं पुरुषभर उंच भिंत घालावी, एकच फाटक ठेवावें आणि तेथें गणवेशधारी पहारेकरी बसवावा. आंतल्यांपुरता त्याचा उपयोग होतोहि. परंतु भिंतीच्या बाहेरच्या रस्त्याचें काय होतें? दोन्ही बाजूंस आंधळ्या भिंती, मध्यें ओस वाट. त्या वाटेनें रात्रपाळीची परिचारिका चालत जाते, पहाटे दूधवाला जातो, घरकामाची बाई बस पकडण्यास जाते. फाटकाच्या आंत जेवढी सुरक्षितता सांठविली, तेवढी बाहेरून काढून घेतलेली असते. आणि त्याच घरांतली मुलगीहि सकाळीं फाटकाबाहेर पडतेच.

मुंबईच्या दृष्टीनें हा सर्व विचार केवळ परदेशचा इतिहास नाहीं. १९२० सालीं स्थापन झालेल्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें कामगारांसाठीं चाळी बांधल्या. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून त्या २०७ होत्या. तळमजला व वर तीन मजले, मध्यें मार्गिका, तिच्या दोहों बाजूंस १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक संडास. त्यांतील जीवनाचें गोडवे गाण्याचें कारण नाहीं. एका खोलींत दहा माणसें, संडासापुढें रांग, नळावरचीं भांडणें, आणि सुनेच्या प्रत्येक हालचालीवर सार्‍या मजल्याची नजर. जी नजर चोराला अडविते तीच नजर तरुण मुलींना जाचतेहि. ह्या चाळींच्या जागीं आतां उंच मनोरे उभे राहत आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचें न्हाणीघर, स्वतःचें स्वयंपाकघर, दार लावून घेण्याची मोकळीक: शंभर वर्षांनीं मिळालेलें हें सुख कोणीहि कमी लेखूं नये.

परंतु दार लावून घेतल्यावर दाराबाहेरची जागा कोणाची, हा सेंट लुईचा प्रश्न तेथेंहि उभा राहणारच. आणि केवळ वरळींत नव्हे, तर गिरगांव-लालबागपासून पुण्याच्या पेठांपर्यंत जेथें जेथें जुनी वस्ती पाडून मनोरा उठतो आहे, तेथें सर्वत्र. त्याचें उत्तर इमारत उतरविणें हें नसून तिची मधली जागा नीट आंखणें हें आहे. एका मार्गिकेवर थोडींच दारें असावीं आणि त्या मार्गिकेस बाहेरचा उजेड असावा. जिना कोंदट पेटींत न कोंडतां खिडकीजवळून न्यावा. मुलांचें खेळण्याचें मैदान इमारतीच्या पाठीमागें न ठेवतां स्वयंपाकघरांतून दिसेल असें ठेवावें. खालचे पांचसहा मजले केवळ मोटारींसाठीं राखून ठेवूं नयेत. रस्त्याला लागून दुकान, दवाखाना, वाचनालय, पाळणाघर असावें, म्हणजे रस्त्याच्या पातळीवर माणसांचे डोळे राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लिफ्ट, पंप व दिवे ह्यांच्या दुरुस्तीचा खर्च दहावीस वर्षांनीं कोठून येणार, ह्याची तरतूद किल्ली देतांनाच झालेली असावी.

ह्या गोष्टी घडवून आणणें हें केवळ सरकारच्या किंवा बांधणार्‍याच्या हातीं आहे असेंहि नाहीं. पुनर्विकासाचे नकाशे रहिवाशांच्या सभेपुढें येतात. तेथें बहुतेक चर्चा चौरस फुटांची होते, आणि ती योग्यच आहे. परंतु जिना, मार्गिका, फाटक व मैदान कोठें आहे असें विचारणारीं दोनचार माणसें प्रत्येक सभेंत असावीं. विशेषतः बायकांना विचारावें. अंधारी वळणें कोणतीं आणि वाट वांकडी करून कोठून यावें लागतें, हें त्यांना नकाशा न पाहतां ठाऊक असतें.

मात्र आखणीची मर्यादाहि ध्यानांत ठेविली पाहिजे. तिनें जिन्यांतली लूट, घरफोडी, नासधूस कमी होते. दूरध्वनीवरून होणारी फसवणूक किंवा चार भिंतींच्या आंत नवर्‍यानें बायकोस केलेली मारहाण ती थोपवूं शकत नाहीं. चाळीच्या पातळ भिंतींतून किंकाळी तरी ऐकूं जात असे. मनोर्‍याच्या जाड भिंतीआड तीहि ऐकूं येत नाहीं. म्हणून तेथें शेजार्‍यानें कान अधिकच जागा ठेवावयास हवा.

दादरच्या शिवाजी पार्काभोंवतीं एक बुटकी भिंत आहे. लोक तिला कट्टा म्हणतात. मैदान राखण्यासाठीं ती आहे, परंतु बसण्याच्या उंचीची असल्यामुळें सकाळपासून रात्रीं उशीरापर्यंत तिच्यावर माणसें बसलेलीं असतात: पेन्शनर, कॉलेजचीं मुलें, खेळून दमलेले खेळाडू, नातवंडांना घेऊन आलेल्या आजीबाई. त्यांपैकीं एकालाहि आपण पहारा करीत आहों असें वाटत नाहीं. तीच भिंत आणखी चार हात उंच असती तर मैदान आंत राहिलें असतें, रस्ता बाहेर राहिला असता, आणि दोन्हीं ओस पडलीं असतीं. भिंत किती उंच असावी, हा गवंड्याचा प्रश्न दिसतो. पण त्याच्या उत्तरावर संध्याकाळीं घरीं परतणार्‍या कित्येक माणसांची निश्चिंतता अवलंबून असते.